मान हलेपर्यंत

मंगळवार, शाळेचा दुसरा दिवस

बारके,

सात वर्षांनी पत्र आलं म्हणून गहिवरून जाऊ नकोस. कामाचं पत्र आहे.

आज नव्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की सहाव्या आठवड्यात बाहेरून एक तज्ज्ञ बाई येतील, दोन दिवस माझ्या बालवर्गात बसतील आणि संस्थेला अहवाल देतील. अहवाल बरा असेल तर वर्ग माझ्याकडे राहील. नसेल तर मला ग्रंथालयात बसवतील. "तिथे शांतता असते, बाई. तुम्हाला आवडेल," असंही वर म्हणाले. मग त्यांनी तज्ज्ञ बाईंचं नाव वाचून दाखवलं.

मी म्हटलं, "ओळखते. चपलेचा डावा-उजवा तिला मी शिकवलाय."

त्यांना आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा खुर्चीतून अर्धे उठले. "सख्खी बहीण? मग त्यांना वगळायला हवं."

"मुळीच नको. पाठीशी घालणारी असती तर मीच म्हटलं असतं, वगळा. ती सात वर्षं माझ्याशी बोललेली नाही."

"का?"

"तिने पुस्तक लिहिलं म्हणून."

तुझं पुस्तक त्यांच्या टेबलावरच होतं, मधे खुणेच्या पाच-सहा चिठ्ठ्या घातलेलं. कुठल्या पानांवर असतील ते मी न उघडता सांगू शकते. 'आठवडाभर दार लावायला शिकवणाऱ्या एक ज्येष्ठ शिक्षिका.' सगळ्या शाळेने ओळखलं. आणि आठवडा नव्हता, बारके, एक दिवस होता. तू माझ्या शेजारच्या वर्गात अठरा वर्षं होतीस, तुला माहीत होतं. टीका मी सहन करते. चुकीचा आकडा करत नाही.

तर तू ये. एकच सांगते, माझी शिफारस करायची नाही. दयामाया दाखवायची तर ती तुझ्या त्या मोकळ्या शाळेतल्या भिंतींना दाखव, सगळा रंग त्यांच्याच अंगावर असतो म्हणे. आणि येण्याआधी मी काय करते ते माझ्याकडून ऐकून घे. पत्रं त्यासाठी.

काल आणि आज मिळून दप्तर अडकवणं, सतरंजीवरच्या आपल्या खुणेवर बसणं, आणि दार. बावीस मुलं. प्रत्येकाने दाराची मूठ धरून ठेवायची, दार चौकटीला टेकेपर्यंत सोडायची नाही. सव्वा तास लागला. मुख्याध्यापक काचेतून बघून गेले. त्यांना वाटलं असेल म्हातारीचं डोकं फिरलंय. पण आज मधल्या सुट्टीनंतर बावीस मुलं आत आली आणि शेवटच्या मुलाने दार लावलं ते मला ऐकूच आलं नाही. वळून बघावं लागलं. पुढच्या वर्षभरात एकाचंही बोट दारात सापडणार नाही. माझ्या वर्गात एकतीस वर्षांत सापडलेलं नाही. तुझ्या शाळेचा आकडा कळव.

लाल कडं अजून आहे. दारापाशी, त्याच खुंटीवर. ज्याला टॉयलेटला जायचंय त्याने उभं राहायचं, माझ्याकडे बघायचं, मी मान हलवली की कडं मनगटात घालून जायचं, आलं की परत अडकवायचं. कडं एक, म्हणून बाहेर एकच मूल. 'जिथे मुलाच्या शरीरालाही बाईंच्या मानेची परवानगी लागते' असं तू लिहिलं होतंस. लागते. कारण मान हलते तेव्हा मी त्या मुलाकडे बघितलेलं असतं. पंधरा मुलं एकदम नळावर जाऊन घसरतात तेव्हा कुणी कुणाकडे बघितलेलं नसतं.

तुझे भावजी बरे आहेत. तुम्ही दोघं फोनवर बोलता हे मला माहीत आहे. ते गॅलरीत जाऊन बोलतात आणि आत येऊन "राँग नंबर" म्हणतात. अर्ध्या तासाचा राँग नंबर.

ताई

शुक्रवार, दहावा दिवस

बारके,

तुझं पत्र मिळालं. "येते. कडं अजून आहे?" पत्र म्हणायचं की तार? भावजींना दाखवलं तर म्हणतात, "तुमच्या घराण्यात शब्द मोजून देतात." मी म्हटलं, तुमच्या घराण्यात मोजायला कुणाला येत नव्हतं.

हात धुणं झालं. आधी बाह्या वर, मग नळ. तू आजूबाजूची मोठी माणसं बघ, सगळी नळ सोडून मग बाह्या सावरतात. आमच्या मुख्याध्यापकांसकट. काल नळापाशी माझ्या एका मुलीने त्यांना थांबवलं. "सर, बाह्या!" आम्ही तिला वकील म्हणतो, प्रत्येक नियमाला तिचा एक 'पण' असतो. सरांनी बाह्या वर केल्या. चेहरा बघण्यासारखा होता.

खुर्ची उचलणंही झालं, एक हात पाठीला, एक बैठकीला. एक मुलगा चावतो, आम्ही त्याला चावरा म्हणतो. अजून चावतो, पण आता आधी सांगतो. ही प्रगती आहे. तू हसशील, पण तुलाही ठाऊक आहे की आहे.

एक मुलगी आहे, तिला मी पाहुणी म्हणते. तोंडावर नाही, मनात. दहा दिवस झाले, पाठीवरचं दप्तर काढत नाही. दप्तर पाठीवर घेऊनच सतरंजीवर बसते, चित्र काढते, डबा खाते, निघायच्या तयारीत असल्यासारखी. दप्तर खुंटीला लावलं की राहावं लागेल, असा तिचा हिशेब. मी ओढून काढलेलं नाही. तुझ्या पुस्तकातली ज्येष्ठ शिक्षिका कदाचित ओढेल, मी ओढत नाही. रोज सकाळी तिच्या खुंटीकडे बोट दाखवते आणि पुढे जाते. तिची आई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, पांढरा कोट घालूनच सोडायला येते, घड्याळ बघते, मुलीच्या डोक्यावर हात ठेवते, जाते. फार बोलणारी नाही. मला अशी माणसं बरी वाटतात.

मुख्याध्यापक किल्ल्यांचा जुडगा वाजवत येतात, त्यामुळे आधी कळतं. आज म्हणाले, "बाई, दहा दिवस झाले. पालकांना वहीचं एक पान तरी दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, "आधी मूल वर्गात दिसू दे. पान कुठे पळून जात नाही."

"शेजारच्या तुकडीत 'अ' झाला."

"शेजारच्या तुकडीत काल दोघांची डोकी पण आपटली."

ते वहीत काहीतरी टिपून गेले. टिपू दे. ग्रंथालयाची किल्ली त्या जुडग्यात कुठली ते मी बघून ठेवलंय, पितळेची, सगळ्यांत लहान. ती माझ्या हातात येणार नाही.

ताई

बुधवार, अठरावा दिवस

बारके,

तू येशील तेव्हा हे तुझ्या कानावर कुणीतरी घालेलच, म्हणून माझ्याकडूनच ऐक.

पाहुणीने सोमवारी दप्तर काढलं. पंधरा दिवस पाठीवर वागवलं आणि सोळाव्या दिवशी आली, खुंटीला लावलं, जाऊन बसली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर परत घातलं असतं.

काल मदतनीस मावशी रजेवर होत्या. मैदानावर न्यायच्या आधी मी मुलांची रांग लावली आणि कागद आणायला मागच्या सामानाच्या खोलीत गेले. कडी अडकली. काही मिनिटं मी आत. आणि बाहेर बावीस मुलं रांगेत उभी होती, बारके. शाळेत येऊन सतरा दिवस झालेली. बाई दिसत नाहीत, मोठं कुणी नाही. एकानेही रांग सोडली नाही, एकाचा हात दुसऱ्याच्या केसात नाही, आवाज नाही. चावराही उभा. माझ्या एकतीस वर्षांत असं सतराव्या दिवशी कुठल्या तुकडीने केलेलं नाही. साधारण पाचवा-सहावा आठवडा लागतो.

मुख्याध्यापक आले आणि त्यांनी मला बाहेर काढलं. त्यांना यात भलतंच दिसलं. मुलांसमोरच म्हणाले, "ही घाबरलेली मुलं आहेत, बाई. चार वर्षांची मुलं अशी गप्प उभी राहत नसतात."

मी म्हटलं, "शिकवली तर राहतात."

एका मुलीची चड्डी ओली झाली होती. या वयात होतं. बदलली, दुसरे कपडे दिले, वाळत घातले. एवढंच.

पण त्यांनी लेखी नोंद केली आहे आणि ती तुझ्या हातात देणार आहेत. तू काय लिहायचं ते लिही. घाबरलेली मुलं कशी दिसतात ते मला माहीत आहे. माझी मुलं घाबरलेली नव्हती. माझी वाट बघत होती.

ताई

मंगळवार, बाविसावा दिवस

बारके,

तुझं दुसरं पत्र मिळालं. हे तर पहिल्याहून छोटं. "ताई, त्या दाराला आतून कडी कुठे आहे?"

अठरा वर्षं तू त्याच खोलीतून खडू नेत होतीस हे मला आठवायला हवं होतं. मुख्याध्यापकांना चालून गेलं, त्यांनी दाराची पाठ कधी बघितलेली नाही. तुला काय चालणार!

कडी अडकली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत उभी होते.

आपण दोघी पूर्वी करायचो तेच. कामाचं निमित्त करून आत जायचं आणि कान द्यायचा, आपण नसताना वर्ग कसा आहे ते कळतं. दोन मिनिटं, फार तर तीन. तूच मला शिकवलंस असं म्हणणार होते, पण मीच तुला शिकवलं. त्या दिवशी मी कागद घेतले आणि कान दिला. शांत. मला वाटलं, एक मिनिट टिकेल. टिकलं. दोन झाली. मग मला बघायचंच होतं की किती वेळ. तिथे भिंतीला टेकून उभी राहिले आणि ते ऐकत राहिले. कुणाला सांगू नकोस, मला ते फार गोड लागलं. मुख्याध्यापकांना, तुझ्या पुस्तकाला, त्या पितळेच्या किल्लीला, सगळ्यांना ते उत्तर होतं, आणि मला ते लांबवत न्यायचं होतं.

वीस मिनिटं. मी तुला 'काही मिनिटं' लिहिलं. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. वीस.

किल्ल्यांचा आवाज आला तेव्हा मी आतून दार वाजवलं आणि अडकल्याचं सोंग केलं. हे लिहायला मला दोन कागद फाडावे लागले.

रांगेत पाहुणी पाचवी होती. तिच्या पायाखाली ओलं होतं, बुटांपर्यंत. रडली नाही. कडं तिच्यापासून चार पावलांवर खुंटीला होतं. मी खाली बसून विचारलं, "का गं, कडं का नाही घेतलंस?"

ती म्हणाली, "तुमची मान नव्हती ना."

मी तिचे पाय पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दप्तर पाठीवर घेऊन आली आणि दिवसभर काढलं नाही. तेव्हापासून आजतागायत नाही.

मानेबद्दल तुझं बरोबर होतं. मी सगळं शिकवलं, आणि मी नसेन तेव्हा काय करायचं ते शिकवलं नाही. कारण मी नसेन हे मला सुचलंच नव्हतं.

दाराबद्दल मात्र तुझं चूक होतं. खुर्चीबद्दल आणि बाह्यांबद्दलही. एका ठिकाणी हरले म्हणून सगळीकडे हरले असं धरून येऊ नकोस.

ताई

गुरुवार, चोविसावा दिवस

बारके,

मान बंद. सोमवारपासून नवा पाठ सुरू केला, रांग मोडायची कशी. हसू नकोस. मोडायलाही शिकवावं लागतं, हे तुझ्या मोकळ्या शाळेत तुला कधी कळलं नसेल, तिथे रांगच नसते.

मी सांगितलं, "लागली की कुणाला विचारायचं नाही. कडं घ्यायचं, जायचं."

वकील उभी राहिली. "पण तुम्ही बघत नसलात तर?"

"तरी जायचं."

"पण रांगेत असलो तर?"

"रांग सोडून जायचं."

"पण गोष्ट चालली असली तर?"

"गोष्ट थांबते. पोट थांबत नाही."

मग सराव. मी वर्गाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी, पाठ करून उभी राहिले. कुणीतरी उठून कडं घ्यायचं आणि माझ्या तोंडाकडे न बघता जायचं. पहिल्या दिवशी एकही उठलं नाही. दहा मिनिटं मी फळ्याकडे तोंड करून उभी आणि मागे बावीस जण माझ्या पाठीकडे बघतायत. त्यांना मी किती पक्कं शिकवलं होतं ते मला त्या पाठीवर कळत होतं. दुसऱ्या दिवशी चावरा गेला, पण दारातून परत येऊन म्हणाला, "बाई, जाऊ ना?" तिसऱ्या दिवशी वकील गेली. मग बांध फुटला. काल सकाळी अकरा जणांनी कडं नेलं, त्यातल्या आठांना काही लागली नव्हती, नुसती हौस. एकजण कडं घालून मैदानाला चक्कर मारून आला.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, हे काय? तज्ज्ञ पुढच्या आठवड्यात येतायत आणि तुमची शिस्त बिघडत चाललीय."

"बिघडवतेय," मी म्हटलं. "मुद्दाम."

"आता तरी नको. आधी होतं तसं दोन दिवस ठेवा. मग करा काय ते."

मला ग्रंथालयात पाठवू बघणारा माणूस मला त्यातून वाचायची युक्ती सांगत होता, हेही आयुष्यात बघायचं होतं. मी नाही म्हटलं. तू येशील तेव्हा माझा वर्ग असाच, अर्धा मोडलेला दिसेल. आधीचा छान दिसला असता.

पाहुणी अजून उठलेली नाही.

ताई

शनिवार, तिसाव्या दिवसानंतरची सुट्टी

बारके,

तुझा अहवाल मुख्याध्यापकांनी मला वाचायला दिला. हसत दिला, म्हणजे माझ्याकडे बघून हसत. त्यांना तसं हसताना मी प्रथमच बघितलं.

दोन दिवस तू त्या लहान खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसलीस. आपण एकमेकींना "बाई" म्हणालो. तू घरी उतरली नाहीस ते बरंच झालं, पण भावजींनी तुझ्यासाठी घातलेली चादर तीनदा बदलली. दुसऱ्या दिवशी मी गोष्ट सांगत असताना पाहुणी उठली, कडं घेतलं आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता बाहेर गेली, हे तू बघितलंस. मुख्याध्यापकांनी "बेशिस्त" असं टिपलं आणि तू मान खाली घालून बराच वेळ पेन शोधत होतीस. पेन तुझ्या हातात होतं.

अहवालातलं बाकी सगळं तुझ्यावर सोडते. तू दाराची स्तुती केलीस, सात वर्षं उशिरा. पण तिसऱ्या पानावर लिहिलंयस, 'सतराव्या दिवशी सामानाच्या खोलीचे दार अडकल्याने शिक्षिका काही काळ वर्गात उपस्थित राहू शकल्या नाहीत.' माझं खोटं तू सुवाच्य अक्षरात उतरवून काढलंस. तुला खरं लिहून कळवलं होतं. हे वाचून मला पुस्तक वाचताना आला होता त्याहून जास्त राग आला. तेव्हा निदान तू माझ्या विरुद्ध तरी होतीस.

शिफारस नको म्हटलं होतं.

काल मी संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. मुख्याध्यापक मागून, किल्ल्या हातात घट्ट धरून. मी सांगितलं, कडी अडकली नव्हती, वीस मिनिटं मी मुद्दाम आत उभी होते.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, अहवाल चांगला आलाय. तुमच्या बहिणींनी लिहिलंय ना अडकली म्हणून? अडकली असेल."

"आतून कडीच नाही त्या दाराला. चला, दाखवते."

त्यांना वाटलं मी नुसतं म्हणतेय. मी नेलं. त्यांनी दाराच्या मागे हात फिरवून बघितला, जणू कडी लपून बसली असेल. मग बराच वेळ चष्मा पुसला. म्हणाले, "त्या मुलीच्या आईला माहीत आहे?"

"नाही."

"मग तिला सांगा. ती म्हणेल तसं. ती म्हणाली ग्रंथालय, तर ग्रंथालय."

आई शाळा सुटल्यावर पाच वाजता आली. पांढरा कोट अंगावर. मुलीला मदतनीस मावशींबरोबर मैदानावर पाठवलं. मी सगळं सांगितलं, मधे थांबले नाही, स्वतःच्या बाजूने एक शब्द घातला नाही. मला तो शब्द येत होता, तुला ठाऊक आहे मला येतो.

तिने विचारलं, "वीस मिनिटं म्हणजे नक्की वीस?"

"नक्की."

"ती कुठे उभी होती?"

मी जागा दाखवली. ती तिथे जाऊन उभी राहिली. "तुम्ही कुठे होतात?" मी म्हटलं आत. म्हणाली, "मग जा." मी आत गेले, दार लोटलं. तिने बाहेरून सांगितलं, "मी सांगेन तेव्हा या."

बारके, एकतीस वर्षांत मला कुणी असं उभं केलेलं नाही. माझ्याकडे घड्याळ होतं. चौथ्या मिनिटाला मला वाटलं झाली असतील. आठव्या मिनिटाला बाहेर पाय बदलल्याचा आवाज आला आणि मला ओरडून विचारावंसं वाटलं की तुम्ही आहात ना. मी विचारलं नाही. खोलीत रंगांच्या डब्यांचा वास येत होता, त्या दिवशीही येत असेल, मला आला नव्हता. बाराव्या मिनिटाला मला बसावंसं वाटलं आणि मी बसले नाही. ती एका शब्दानेही बोलली नाही. पुरती वीस मिनिटं. मग म्हणाली, "या."

तिचे डोळे कोरडे होते. माझ्याबद्दल सांगत नाही.

"मी तक्रार लिहिणार आहे," ती म्हणाली.

"लिहा. कागद देते."

माझ्याच टेबलाशी, माझ्याच कागदावर, उभ्यानेच लिहिली. वाचायला दिली. सगळं खरं होतं, वीस हा आकडासुद्धा. शेवटी लिहिलं होतं की खोलीचं दार काढून टाकावं, वर्गात कायम दुसरं माणूस असावं, आणि मुलगी याच वर्गात राहील.

मी विचारलं, "याच वर्गात का?"

"दुसऱ्या बाईंना हे अजून कळायचं असेल. ते त्यांनी माझ्या मुलीवर शिकायला नको."

मी तक्रारीखाली 'मान्य' असं लिहून सही केली. तिने मुलीला बोलावलं आणि गेली. आभार, माफी, यातलं दोघींनीही काही काढलं नाही.

आज सकाळी सुतार येऊन दार घेऊन गेला. स्क्रू मी धरले. आता खडूंच्या पेट्यांपासून फुटक्या झारीपर्यंत सगळं वर्गातून दिसतं, पसारा आहे, तो मी सोमवारी मुलांकडूनच लावून घेणार आहे. सोमवारपासून एक नवी मुलगी मदतीला येते, कॉलेजमधून थेट आलेली. आज भेटायला आली तेव्हा तिने नळ सोडला आणि मग बाह्या सावरल्या. बघते तिच्याकडे.

तुझा अहवाल सोबत परत पाठवते आहे. तिसरं पान नव्याने लिही, खरं लिही, आणि ते टपालाने न पाठवता घेऊन ये. चादर घातलेलीच आहे.

अध्यक्षांनी निर्णय कळवला, हे वर्ष वर्ग माझ्याकडे. पुढच्या वर्षी पुन्हा विचार करू म्हणाले. करा म्हटलं, मी वर्गातच सापडेन.

ताई